युद्धकाळातला छोट्या अमेरिकन गावातला सिनियर क्लास: अख्खा वर्ग कसा शोधायचा

१९४३ च्या इयरबुकातलं (शाळेचं दरवर्षीचं फोटोंचं पुस्तक) सिनियर्सचं, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांचं पान उघडा आणि सगळ्यात आधी मुलगे किती आणि मुली किती ते मोजा. छोट्या गावातली शाळा असेल तर बऱ्याचदा मुली जास्त निघतात, आणि तोच वर्ग १९४० च्या इयरबुकात फ्रेशमन म्हणजे नववीच्या ग्रुप फोटोत बघितला तर मुलगे भरपूर दिसतात. मधल्या तीन वर्षांत ही पोरं गेली कुठे, हा प्रश्न पडला की खरं काम सुरू होतं.

बहुतेक जण काय करतात, सिनियर पानावरची नावं उतरवून घेतात, मग कोर्टाच्या आवारातल्या स्मारकावरची नावं त्याच्याशी जुळवतात, जी जुळली त्यांच्यावर दोन पानं लिहितात आणि संपलं. मला हे अजिबात पटत नाही. जो मुलगा सतराव्या वर्षी शाळा सोडून नेव्हीत गेला तो त्या पानावर नसतो, वडील आजारी पडले म्हणून शेतावर राहिलेला नसतो, लग्न करून नवऱ्याच्या ट्रेनिंग कॅम्पच्या गावी गेलेली मुलगी नसते, आणि पश्चिम किनाऱ्यावरचं गाव असेल तर सरकारने उचलून कॅम्पात नेलेली जपानी वंशाची मुलं तर नसतातच. वर्ग म्हणजे नववीत एकत्र बसलेली सगळी पोरं, असं धरूनच काम करा. खाली जे लिहितोय ते सगळं त्याच हिशोबाने लिहितोय.

आधी साल नीट समजून घ्या

कुठला वर्ग घेताय त्यावर अख्खी गोष्ट बदलते, एका वर्षाचा फरक इथे फार मोठा आहे. १९४१ चा वर्ग शांततेत पास झाला, ड्राफ्टचा, म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा १६ सप्टेंबर १९४० ला झालेला होता पण तो २१ च्या वरच्यांना होता, त्यामुळे या पोरांना वाटलं असणार की अजून वेळ आहे. १९४२ च्या वर्गाचं सिनियर वर्ष अर्ध्यावर असताना ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बर झालं, आणि डिप्लोमा हातात पडून महिना होतोय तोवर ३० जून १९४२ ला १८ ते २० वयाच्या मुलांची नोंदणी आली. नुसती नोंदणी हं, प्रत्यक्ष भरतीचं वय १३ नोव्हेंबर १९४२ ला १८ वर आलं. हा धक्का खऱ्या अर्थाने बसला १९४३ च्या वर्गाला, म्हणून तो वर्ग शोधायला सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. १९४४ च्या वर्गाचे पदवीदानाचे कार्यक्रम नॉर्मंडीच्या, म्हणजे दोस्तांचं सैन्य फ्रान्समध्ये उतरलं त्याच्या आसपासच्या आठवड्यांत झाले आणि १९४५ च्या वर्गाने ८ मे ला युरोपातलं युद्ध संपल्याची बातमी वर्गात बसून ऐकली, तरी त्यातले कितीतरी मुलगे नंतर जपान आणि जर्मनीतल्या ताबा घेणाऱ्या सैन्यात गेले. ते स्मारकावर नाहीत म्हणून युद्धाबाहेर होते असं समजू नका.

एक बारीक गोष्ट. १९४२ नोव्हेंबरच्या त्याच दुरुस्तीत अशी सोय होती की शाळेच्या वर्षाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात बोलावणं आलं तर मुलगा अर्ज करून वर्ष संपेपर्यंत थांबू शकतो. म्हणजे जानेवारी ते मे मध्ये १८ पूर्ण झालेला मुलगा वर्गात दिसतो, आणि आधीच्या शरद ऋतूत १८ पूर्ण झालेला कदाचित दिसत नाही. म्हणून वर्गाच्या नावांची एक स्प्रेडशीट करा आणि प्रत्येकाची जन्मतारीख त्या शीटमध्ये पहिल्या दिवसापासून लिहा, नंतर कितीतरी कोडी त्या एका कॉलममुळे सुटतात.

दक्षिणेतलं गाव असेल तर अजून एक घोळ, तिथल्या बऱ्याच शाळांमध्ये तेव्हा अकरा वर्षांचंच शिक्षण होतं, बारावी नंतर आली. त्यामुळे तिथला सिनियर सोळा-सतराचाच असू शकतो आणि वर दिलेला हिशोब एक वर्ष पुढे सरकतो. टेक्सासने हा बदल साधारण १९४१ च्या सुमारास केला, व्हर्जिनियाने तर युद्ध संपल्यावर.

यादी नववीपासून बनवा

सिनियर इयरबुक आणि त्याच्या आधीची तीन, अशी चार इयरबुकं मिळवा. गावची पब्लिक लायब्ररी, काउंटीची (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) हिस्टॉरिकल सोसायटी, इंटरनेट आर्काइव्ह, आणि राज्याराज्यांचे डिजिटल संग्रह, नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यात तर शेकडो इयरबुकं फुकट वाचता येतात. युद्धाच्या वर्षांत कागद, फोटोचं सामान, धातू सगळ्याचीच टंचाई, त्यामुळे १९४३ ते ४५ मधली इयरबुकं बारीक असतात आणि काही शाळांनी तर काढलीच नाहीत. नसेल तर निराश होऊ नका, शाळेचं छोटं वर्तमानपत्र, पदवीदानाचा छापील कार्यक्रम, आणि गावच्या साप्ताहिकात मे महिन्यात छापलेली सिनियर्सची यादी, या तिन्हींतून जवळपास तेवढंच मिळतं.

एकाच इयरबुकाच्या दोन-तीन प्रती बघायला मिळाल्या तर नक्की बघा. एका प्रतीत सह्या आणि निरोप, दुसऱ्यात कोणीतरी फोटोखाली पेन्सिलीने नंतर लिहिलेलं लग्नानंतरचं आडनाव, तिसऱ्यात 'नेव्ही' किंवा 'आर्मी एअर कोअर' एवढंच. छापलेलं सगळ्या प्रतींत सारखं असतं, हाताने लिहिलेलं प्रत्येकीत वेगळं.

आता १९४३ चा वर्ग घेतलाय असं धरूया, कारण त्यात एक फार मोठी सोय आहे. १९४० ची जनगणना १ एप्रिल १९४० च्या तारखेची आहे, म्हणजे हा वर्ग नववीत बसलेला असतानाची, आणि ती ७२ वर्षं बंद ठेवायचा नियम पूर्ण होऊन २०१२ पासून सगळ्यांना खुली आहे, नॅशनल आर्काइव्हजवर (सरकारी अभिलेखागार) आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट. त्या फॉर्मवर दोन कॉलम आहेत जे आपल्या कामासाठीच केलेत की काय असं वाटतं, एक म्हणजे १ मार्चपासून शाळेत गेलाय का, आणि दुसरा म्हणजे किती इयत्ता पूर्ण झाल्यात. नववीत बसलेल्या मुलासमोर दुसऱ्या कॉलममध्ये ८ असतं. तेव्हा गावची सगळी पानं चाळून १४-१५ वर्षांची सगळी मुलं उतरवून घ्या, शाळेत जाणारी आणि न जाणारी दोन्ही. न जाणारी पण का? कारण १९४० च्या सुमारास साधारण निम्मीच मुलं हायस्कूल पूर्ण करायची, उरलेली निम्मी त्याच गावात, त्याच रस्त्यांवर होती, आणि त्यातले मुलगे त्याच ड्राफ्ट बोर्डाकडे (भरतीचं स्थानिक मंडळ) नोंदलेले होते.

फक्त गावाची पानं बघून थांबू नका. गावाबाहेरच्या टाउनशिपमधली (काउंटीचे छोटे ग्रामीण भाग) शेतकऱ्यांची मुलं एका खोलीच्या शाळेत आठवीपर्यंत शिकून हायस्कूलला गावात यायची, काही बसने तर काही गावात कुणाकडे तरी राहून. त्यांची नावं इयरबुकात आहेत पण गावच्या जनगणनेत नाहीत, आणि हा फरक लक्षात आला नाही तर उगाच वाटत राहतं की अर्धा वर्ग बाहेरून आला होता.

मग १९५० ची जनगणना, ती एप्रिल २०२२ पासून खुली आहे. दोन्हींच्या मध्ये दहा वर्षं आणि एक महायुद्ध. कोण परत आला, कोणाचं लग्न झालं, कोण डेट्रॉइटला किंवा कॅलिफोर्नियाला गेला, सगळं तिथे दिसायला लागतं.

मुलग्यांचे कागद

आर्मीत गेलेल्यांसाठी पहिली जागा म्हणजे नॅशनल आर्काइव्हजचा भरतीचा डेटाबेस, साधारण ९० लाख नोंदी आहेत, नाव, काउंटी, जन्मसाल, भरतीची तारीख, शिक्षण, कामधंदा. इथे नावाने शोधण्यापेक्षा काउंटी आणि जन्मसाल टाकून शोधा आणि आलेली सगळी यादी उतरवा, कारण हा डेटा जुन्या पंचकार्डांच्या मायक्रोफिल्मवरून मशीनने वाचलेला आहे आणि स्पेलिंगच्या चुका खूप आहेत, नावाने शोधाल तर अर्धे सुटतील. शिक्षणाच्या रकान्यात 'हायस्कूलची ३ वर्षं' असं दिसलं आणि भरती १९४३ च्या मार्चमधली असेल, तर समजा हा सिनियर पानावरून गायब झालेला मुलगा सापडला. मला या कामात सगळ्यात जास्त समाधान इथे मिळतं.

सिरियल नंबर वाचायला शिका. आठ आकडी नंबरातला पहिला आकडा १ असेल तर स्वतःहून भरती, २ असेल तर नॅशनल गार्डमधून, ३ असेल (आणि काहींचा ४) तर ड्राफ्टमधून. दुसरा आकडा भरती झालेल्या विभागाचा, म्हणजे ३७ ने सुरू होणारा नंबर हा आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस अशा सातव्या विभागातल्या ड्राफ्टवाल्याचा. पण इथे घाईने निष्कर्ष काढू नका की ३ वाला जायला तयार नव्हता, कारण ५ डिसेंबर १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने १८ ते ३७ वयाच्यांची स्वेच्छा भरती बंदच केली होती. त्यानंतर १८ चा मुलगा कितीही उत्साही असला तरी तो ड्राफ्ट बोर्डाच्या दारातूनच आत जायचा.

आणि म्हणूनच सतरा वर्षांचे नेव्हीत गेले. आईवडिलांची सही असेल तर सतराव्या वर्षी नेव्ही घ्यायची, १८ झाल्यावर मात्र सरकार कुठे पाठवेल याची खात्री नाही. सिनियर वर्षाच्या मध्यात शाळा सोडलेला मुलगा बऱ्याचदा अभ्यासाला कंटाळून नाही तर हा हिशोब करून गेलेला असतो. हे मुलगे आर्मीच्या डेटाबेसमध्ये मिळणार नाहीत कारण नेव्ही, मरीन त्यात नाहीतच, नेव्हीवाल्यांसाठी जहाजांचे मस्टर रोल, म्हणजे जहाजावरच्या माणसांच्या हजेरीच्या याद्या बघायच्या, त्या फोल्ड३ या साइटवर आणि नॅशनल आर्काइव्हजवर आहेत.

हुशार मुलांची वेगळी वाट होती. २ एप्रिल १९४३ ला देशभर सिनियर्सची एक परीक्षा झाली, त्यातून आर्मीच्या आणि नेव्हीच्या कॉलेज प्रोग्रॅमसाठी मुलं निवडली, नेव्हीचा व्ही-१२ हा १ जुलै १९४३ ला सुरू झाला. गावच्या पेपरात 'अमुक मुलगा कॉलेजात इंजिनियरिंग शिकतोय, युनिफॉर्ममध्ये' अशी बातमी दिसली तर हेच. पण आर्मीचा प्रोग्रॅम १९४४ च्या सुरुवातीला जवळजवळ गुंडाळला आणि ती मुलं सरळ इन्फंट्रीत पाठवली, तेव्हा कॉलेजची बातमी वाचून तो सुरक्षित राहिला असं लिहून टाकू नका, पुढचं वर्षभर बघा.

घरी राहिलेले पण शोधा. शेतीसाठी सूट मिळालेला २-सी किंवा ३-सी, तब्येतीमुळे नाकारलेला ४-एफ, धर्मामुळे सैन्यात जायलाच नकार देणारा ४-ई. गावाजवळ मेनोनाइट किंवा क्वेकर (युद्ध न मानणारे ख्रिस्ती पंथ) लोक असतील तर हे शेवटचे हमखास असतील, साधारण १२,००० जण देशभरातल्या सार्वजनिक कामाच्या कॅम्पांत होते, जंगलातली आग विझवायला, वेड्यांच्या इस्पितळात नर्सिंगला. छोट्या गावात ४-एफ असणं सोपं नव्हतं, रस्त्यावर प्रत्येक जण विचारायचा की तू अजून इथे कसा. या मुलांना एक ओळ द्यायची सुद्धा लोकांना आठवत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

सैनिकाची पूर्ण फाइल हवी असेल तर स्टँडर्ड फॉर्म १८० भरून सेंट लुईसच्या सरकारी रेकॉर्ड केंद्राकडे मागता येते, पण १२ जुलै १९७३ च्या आगीत तिथल्या १.६ ते १.८ कोटी फाइली जळाल्या, आणि १९१२ ते १९६० दरम्यान आर्मीतून सुटलेल्यांच्या साधारण ८० टक्के गेल्या, डुप्लिकेट नव्हत्याच. नेव्ही आणि मरीनच्या वाचल्या. आर्मीवाल्यासाठी पर्याय म्हणजे काउंटीचं कोर्ट, कारण परत आलेल्या खूप जणांनी आपला डिस्चार्जचा कागद काउंटी क्लार्ककडे नोंदवून ठेवला होता, हरवू नये म्हणून. काही राज्यांत तो फक्त नातेवाइकांना दाखवतात, आधी फोन करून विचारा.

मुली

इथे सगळ्यात जास्त नावं हरवतात, आणि कारण साधं आहे, आडनाव बदलतं. काउंटीचं लग्नाचं रजिस्टर १९४२ ते १९४७ असं सलग वाचा, एकेक नाव शोधत बसू नका, सलग वाचा, कारण शेजारशेजारच्या ओळींत तुम्हाला तोच वर्ग परत भेटतो, कधी नवरी म्हणून कधी साक्षीदार म्हणून. लग्न कॅम्पजवळच्या गावात झालं असेल तर रजिस्टर तिथलं, पण बातमी मात्र गावच्या पेपरात असतेच.

कोणी लिहिलं असेल की १९४३ मध्ये पास झालेली मुलगी लगेच सैन्यात गेली, तर तपासा. वॅकमध्ये (आर्मीची महिला शाखा) आधी किमान वय २१ होतं, नेव्हीच्या महिला शाखेत, वेव्हजमध्ये २०, त्यामुळे १८ ची मुलगी त्यात जाऊच शकत नव्हती. तिला खुलं होतं ते कॅडेट नर्स कोअर, १९४३ च्या उन्हाळ्यात कायदा झाला, १७ ते ३५ वयाच्या हायस्कूल पास मुलींना फुकट शिक्षण, स्टायपेंड आणि करडा युनिफॉर्म. साधारण १,२४,००० मुली त्यातून नर्स झाल्या. त्यांची सदस्यत्वाची कार्डं स्कॅन झालेली आहेत, त्यावर घरचा पत्ता आणि नर्सिंग स्कूल दोन्ही असतं. छोट्या गावातल्या मुलीला घरच्यांच्या खिशाला हात न लावता बाहेर पडायची ही बहुतेकदा पहिलीच संधी होती, आणि या पोरींनी देशातली इस्पितळं चालू ठेवली, त्यांना स्मारकाच्या दगडावर कुठेही जागा नाही. तुमच्या शीटमध्ये तरी द्या.

बाकीच्या विमानाच्या कारखान्यात, दारूगोळ्याच्या प्लँटमध्ये, टेलिफोन एक्सचेंजवर, आणि काही तर थेट शिक्षिका झाल्या, कारण शिक्षक सैन्यात आणि कारखान्यात गेल्यामुळे बऱ्याच राज्यांनी तात्पुरती सर्टिफिकेटं देऊन वर्ग चालवले. १९५० ची जनगणना आणि पेपरातल्या 'अमकी सुट्टीवर आईकडे आलीय' छापाच्या छोट्या बातम्या, हेच दोन आधार.

ज्यांना वर्गातून काढून नेलं

वॉशिंग्टन, ओरेगॉन, कॅलिफोर्निया किंवा अ‍ॅरिझोनामधलं गाव असेल तर १९४२ च्या वसंतात वर्गातून काही नावं एकदम नाहीशी होतात. १९ फेब्रुवारी १९४२ चा राष्ट्राध्यक्षांचा आदेश ९०६६, आणि त्यानंतर जपानी वंशाच्या सगळ्यांना, तिथेच जन्मलेल्या नागरिकांना सुद्धा, उचलून आतल्या भागातल्या कॅम्पांत नेलं. बेनब्रिज आयलंडवरून ३० मार्चला नेलं, म्हणजे सिनियर्सना पदवीदानाला दोन-अडीच महिने उरले असताना. या मुलांचं पुढचं इयरबुक मॅन्झनार, टोपाझ, हार्ट माउंटन इथल्या कॅम्पातल्या हायस्कूलांचं असतं, हो, काटेरी तारांच्या आत हायस्कूलं होती आणि इयरबुकंही निघाली. डेन्शो या संस्थेच्या (जपानी-अमेरिकनांचा इतिहास जपणारी) ऑनलाइन संग्रहात आणि नॅशनल आर्काइव्हजच्या कॅम्पमधल्या लोकांच्या यादीत (एक लाखाहून जास्त नोंदी) मूळ गावावरून शोधता येतं. कित्येकांना डिप्लोमा मिळाला तो साठ वर्षांनी, राज्यांनी खास कायदे केल्यावर.

गावातला सैन्यात गेलेल्यांचा सन्मानफलक म्हणजे अंतिम सत्य असं मानू नका. ओरेगॉनच्या हूड रिव्हरमध्ये नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेने फलकावरून १६ जपानी-अमेरिकन सैनिकांची नावं खोडली होती, त्यातले कितीतरी तेव्हा परदेशात लढत होते. देशभरातून टीका झाल्यावर बहुतेक नावं परत आली. तुमच्या गावात असं झालं नसेलही, पण फलकाचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो मिळाले तर शेजारी ठेवून वाचा.

दक्षिणेत तर गावात दोन हायस्कूलं, गोऱ्यांचं आणि काळ्यांचं. म्हणजे त्या गावचा १९४३ चा वर्ग दोन इमारतींत होता आणि अर्धाच इयरबुकात छापला गेला. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या १९५४ च्या निकालानंतर पुढे शाळा एकत्र झाल्या तेव्हा कितीतरी ठिकाणी काळ्यांची हायस्कूलं बंद केली आणि रेकॉर्ड, ट्रॉफ्या, फोटो कचऱ्यात गेले. तेव्हा इथे चर्चच्या जयंतीची पुस्तकं, त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना, आणि काळ्या लोकांची वर्तमानपत्रं हाच रस्ता, आणि ड्राफ्ट कार्डं तर आहेतच, ती सगळ्यांची आहेत. हे जास्तीचं काम वाटलं तर मग 'गावचा वर्ग' असं शीर्षक तरी देऊ नका.

जे परत आले नाहीत

१९४६ मध्ये आर्मीने मृत आणि बेपत्तांची यादी काउंटीप्रमाणे छापली, नेव्हीने राज्याप्रमाणे, दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत, आणि नेव्हीच्या यादीत आईवडिलांचं नाव-पत्ताही आहे. आर्मीच्या यादीत नावापुढे छोटी अक्षरं असतात. केआयए म्हणजे लढाईत ठार, डीओडब्ल्यू म्हणजे जखमांमुळे, डीएनबी म्हणजे लढाईबाहेर, ट्रेनिंगमधला विमान अपघात, ट्रक उलटणं, आजार, हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त आहेत. एफओडी म्हणजे शव मिळालं नाही, सरकारने ठरवलं की मेला. १९४२ च्या कायद्याप्रमाणे बेपत्ता झाल्यावर साधारण वर्षभराने असं जाहीर करायचे, म्हणून दगडावरची तारीख बेपत्ता झाल्याच्या तारखेनंतर बरोबर एक वर्ष आणि एक दिवस असेल तर ती मृत्यूची तारीख नाही, कागदाची तारीख आहे.

प्रत्येक मृत सैनिकाची एक वेगळी फाइल असते, तिला आयडीपीएफ म्हणतात (मृत सैनिकाच्या दफनाची आणि सामानाची फाइल), ती १९७३ च्या आगीत जळली नाही. त्यात घरच्यांनी सरकारला लिहिलेली पत्रं असतात, त्याचं घड्याळ कुठंय, पाकीट कुठंय, तो कुठे पुरलाय. मागवा, पण वाचायला शांत वेळ काढा, आणि त्यातलं वैद्यकीय वर्णन जसंच्या तसं कुठेही टाकू नका. त्याची भाची-पुतणी अजून गावात असते.

अजून एक. अंत्यविधीची बातमी १९४४ च्या पेपरात शोधून नाही मिळाली तर १९४७ ते १९५१ मध्ये बघा. सरकारने घरच्यांना विचारलं होतं की परदेशातल्या स्मशानभूमीत ठेवायचं की घरी आणायचं, आणि सुमारे १,७१,००० जणांना घरी आणलं. त्यामुळे १९४४ मध्ये मेलेल्या मुलाला खांदा द्यायला १९४८ मध्ये त्याचेच परत आलेले वर्गमित्र उभे असतात, आणि पेपरात त्यांची नावं छापलेली असतात. वर्गातले कोण कोण तेव्हा गावात होते याची ती एक पक्की तारीखवार यादी आहे.

गावचं साप्ताहिक कसं वाचायचं

लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका १९६३ पर्यंतची वर्तमानपत्रं फुकट देतं, तिथे नसेल तर राज्याच्या संग्रहात, तिथेही नसेल तर लायब्ररीत मायक्रोफिल्म. सर्चवर विसंबू नका, खराब छपाईत नावं चुकीची वाचली जातात. सप्टेंबर १९४१ पासून जून १९४६ पर्यंत प्रत्येक अंक बघा. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

बघताना काय बघायचं? बाहेरगावच्या मॅचेस १९४२-४३ मध्ये अचानक कमी झाल्या असतील तर त्याचं कारण टायर आणि पेट्रोल, १ डिसेंबर १९४२ पासून देशभर पेट्रोलला रेशन, साध्या ए स्टिकरवर आठवड्याला तीन-चार गॅलन, वर ताशी ३५ मैलांची मर्यादा. मे १९४२ मध्ये एकदोन दिवस शाळा भरलीच नाही असं दिसलं तर शिक्षक साखरेची रेशनबुकं वाटत होते. १९४२ च्या शरदात सिनियर्स भंगार गोळा करताना दिसतील, १९४४ च्या शरदात मिल्कवीडच्या शेंगा, त्यातला कापूस लाइफ जॅकेटमध्ये जायचा. १० आणि २५ सेंटचे स्टॅम्प चिकटवून १८.७५ डॉलरचा बाँड, तो दहा वर्षांनी २५ डॉलरचा. 'व्हिक्टरी कोअर' हा शब्द दिसला तर तो सप्टेंबर १९४२ ला हायस्कूलांसाठी सुरू झालेला सरकारी कार्यक्रम, कवायत, गणित, विमानविद्या. या बातम्यांत मुलांची नावं असतात म्हणून त्या उतरवायच्या, एखादा मुलगा नोव्हेंबरमध्ये भंगार ओढतोय आणि जानेवारीनंतर कुठेच नाही, म्हणजे तो कधी गेला ते तुम्हाला दोन महिन्यांच्या आत कळलं.

सैनिकांच्या पत्त्यात 'पोस्टमास्टर, न्यूयॉर्क' असेल तर साधारण युरोपकडे, 'सॅन फ्रान्सिस्को' असेल तर पॅसिफिककडे. युनिट आणि जागा पेपर छापायचे नाहीत, तेव्हा एवढ्यावरच सुरुवात करायची.

माणसांशी बोलताना

१९४३ च्या वर्गातले आता हयात असलेच तर शंभरीचे आहेत. तेव्हा शोधा धाकटी भावंडं, जी तेव्हा तिसरी-चौथीत होती आणि ज्यांना दाराशी आलेला टेलिग्राम आठवतो. 'युद्धाबद्दल सांगा' असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. त्याऐवजी नववीच्या फोटोची मोठी प्रिंट टेबलावर ठेवा आणि बोट ठेवून विचारा, हा कोण, हा कुठे राहायचा, ही कोणाची मैत्रीण. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या. आणि वर्गाच्या रियुनियनच्या पुस्तिका मागा, विशेषतः पन्नासाव्या वर्षाची, ती बहुतेकदा कुणाच्या तरी मुलीच्या कपाटात असते, त्यात बायकांची दोन्ही आडनावं आणि 'पत्ता माहीत नाही' अशी वेगळी यादी असते. ती वेगळी यादी आधी हातात घ्या, जे हरवले ते त्यातच आहेत. ज्याने शाळा सोडली त्याने पुढे जीईडी (हायस्कूलच्या डिप्लोमाच्या बरोबरीची परीक्षा) दिली असेल, ती परीक्षा १९४२ मध्ये सैनिकांसाठीच बनवली होती, किंवा १९४४ च्या जीआय बिलवर, म्हणजे परत आलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च देणाऱ्या कायद्यावर कॉलेज केलं असेल, हे घरच्यांना विचारा, कागदावर सहज मिळत नाही.

शीटमध्ये प्रत्येक गोष्टीशेजारी ती कुठून मिळाली ते लिहा, आणि ज्या नावापुढे काहीच मिळालं नाही ती ओळ पुसू नका, रिकामी ठेवा. काम झालं की एक छापील प्रत गावच्या लायब्ररीला, एक काउंटीच्या हिस्टॉरिकल सोसायटीला द्या, दक्षिणेतलं गाव असेल तर काळ्यांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेला वेगळी द्या, आणि आत पहिल्या पानावर तुमचा ईमेल टाका म्हणजे रिकाम्या ओळींपैकी एखाद्याचा नातू वाचेल तेव्हा तुम्हाला लिहू शकेल.